गाडीनं हवा धरली

आमच्या मेडशीत सात माणसांची डिझेलची मोठी जीपगाडी एकच, ती माझी. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत तीत वीसेक माणसं बसतात, अन् तरी मागं कोणाची तरी शेळी असतेच. वाढवून सांगायची मला सवय नाही, म्हणून खरं तेवढंच लिहितो: हिचा हॉर्न ऐकून मालेगावच्या म्हशी पान्हा सोडतात.

गाडी ठणठणीत. फक्त डिझेलचा काटा अर्ध्यावर बसला तो बसलाच. टाकी कोरडी असो की काठोकाठ, तो आपला अर्ध्यावर. मी त्याला रिटायर केलं अन् त्याच्या जागी तुराटी नेमली. तुरीची वाळकी काडी टाकीत घालायची, बाहेर काढायची, जिथवर ओली तिथवर डिझेल.

भागिरथेला, म्हणजे माझ्या बायकोला, ही गाडी सवतीसारखी. रिठदला आमच्या लेकीच्या, सरिताच्या पोरीचं नाव ठेवायचं होतं, अन् पाळणा आजोळचा. तो मी गाडीच्या टपावर बांधत होतो, तर ही खाली कमरेवर हात ठेवून उभी.

"आज जर का हे गाडी मधातच बंद पडली, तर उद्या भंगारवाल्याले बलावतो. नंबर आहे माह्याजवळ."

"बलाव ना! मी सोताच तराजूत चढवून देतो तिले."

बोलून तर गेलो. मग मुकाट्यानं मागं जाऊन टाकीत तुराटी घातली, काढली. अर्ध्यापर्यंत ओली. निघालो.

ती तुराटी परवापासूनच अर्ध्यापर्यंत ओली होती, हे ध्यानात यायला मला मालेगावच्या अलीकडचा फाटा लागला. गाडीनं दोन आचके दिले अन् उभी राहिली.

"पडली बंद," भागिरथा म्हणाली. आवाजात दुःख नावालाही नव्हतं. पर्समधून मोबाइल निघाला.

"थांब व! पानी पिऊन राह्यली ते."

तेवढ्यात आमच्याच गावच्या अमरसिंगचा ट्रॅक्टर आला. त्याच्याजवळ कॅनमध्ये डिझेल होतं, ते त्यानं ओतलं. मी सेल्फ मारला. गाडी नुसती कुरकुरली. मालेगावच्या हिरालाल मिस्त्रीला फोन लावला. मला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा स्पीकर चालू असतो; फाट्यावरच्या सगळ्यांना माझे सगळे फोन ऐकू येतात.

"देवमनभाऊ, टाकी कोरडी झाली होती का?"

"थोडी."

"थोडी कोरडी कशी असते भाऊ? डिझेल भरलं तरी चालू नाई होत आता. गाडीनं हवा धरली."

फाट्यावर भाजीची टोपली घेऊन एसटीची वाट पाहणारी गोजराबाई माळीण ताडकन उठली.

"हवा धरली? त्या भुताच्या चिंचीखालून आनली असन गाडी! म्या तं पाह्यल्याबरोबर वळखलं, बोनट कसं उतरलं तिचं!" अन् टोपलीतून लिंबू-मिरच्या काढून ती बोनटवरून उतरवायला लागली.

"गोजराबाई, आमच्यात नाई चालत हे," भागिरथेनं तिचा हात धरला. "अन् लिंबू कायले वाया घालवता वो एवढ्या उन्हात? द्या इकडं, सरबत करू."

फोनमधून हिरालाल ओरडला, "कोन लिंबू पिळून राह्यलं? इंजनात नका पिळू बाप्पा!"

शेवटी त्यानं सगळ्यांना गप्प करून समजावलं. टाकी कोरडी झाली की डिझेलच्या नळीत हवा शिरते, ती बाहेर काढायची. बोनट उघडा. डिझेलच्या फिल्टरवर दट्ट्या असतो, त्याच्या बाजूचा स्क्रू ढिला करा. दट्ट्या दाबत राहा. आधी बुडबुडे येतील, मग नुसतं डिझेल. तसं आलं की स्क्रू टाइट करा अन् सेल्फ मारा. "पन एका लयीत दाबा. मधात थांबू नका."

मी दाबायला लागलो. बुडबुडे आले. अमरसिंग वाकून पाहत होता, तर त्याला सांगणं भागच होतं की याच गाडीनं मी एकदा पैनगंगेचा पूर ओलांडला होता, अन् पलीकडं उतरलो तर मागच्या सीटवर मासे बसले होते. मासे सांगायला हात लागतात. दट्ट्यावरचा हात सुटला, हवा परत आत. दुसऱ्यांदा लागलो, तर त्यानं विचारलं, "मंग त्या माशायचं काय केलं, काका?"

"सरका!" भागिरथेनं आपला मोबाइल माझ्या खिशात कोंबला. "या मानसाचं तोंड अन् हात एका टायमाले चालत नाईत."

तिनं पदर खोचला अन् दट्ट्यावर हात ठेवला. सकाळपासून ती बारशाचा पाळणा मनात घोळवत होती, तो आता ओठांवर आला. एका ओळीला एक दाब. गोजराबाईनं मिरच्या टोपलीत टाकून सूर धरला. अमरसिंग ताल द्यायला मडगार्ड वाजवू लागला.

अन् मग हवा निघाली! किती म्हणून सांगू? रस्त्याकडेची सोयाबीन आडवी झाली. अमरसिंगचा फेटा उडाला, तो मागच्या एसटीच्या कंडक्टरच्या डोक्यावर जाऊन बसला. गोजराबाईची कोथिंबीर पार मालेगावच्या बाजारात पोचली, अन् म्हणे चांगल्या भावानं गेली.

"नुसतं डिझेल आलं!" भागिरथा ओरडली. मी स्क्रू आवळला, धावत जाऊन सेल्फ मारला. गाडी धडाडून चालू झाली. गोजराबाईला मालेगावपर्यंत बसवून घेतलं. ती उतरताना म्हणाली, "पाहा, लिंबानंच उतरली."

त्यानंतर रिठदपर्यंत मी नजर रस्त्यावरून हलवली नाही. भंगारवाल्याचा नंबर माझ्याच खिशात होता, अन् तो मला टोचत होता.

सरिता दारातच उभी. "माय, काहून उशीर झाला? गाडी बंद पडली काय?"

मी डोळे मिटले.

"गाडी कायले बंद पडते व?" भागिरथा डिझेलनं काळे झालेले हात पुढं करून म्हणाली. "उपाशी होती बिचारी. तुह्या बाबाची तुराटी खोटं बोलली." मग माझ्याकडं वळून, "पाह्यता काय? पाळना उतरवा. अन् माह्या गाडीचं बोनट जरा हळू लावत जा."