लॉनवरचा पांढरा चिकटा

अल्लीपुरात लॉन असलेलं घर आमचंच. ते लावलं माझ्या नवऱ्यानं, अश्वजितनं, आणि गावानं त्यावर पोटभर हसून घेतलं. "घरी ढोरं नाईत, मंग गवत कोणासाठी?" असं शेजारच्या शालूबाई येता-जाता विचारायच्या. सासरे मात्र खूश होते. त्यांची खाट समोरच्या खोलीत, खिडकीला लागून. डोळ्यांसमोर हिरवं असलं की बरं वाटतं म्हणायचे.

दिवाळी आटोपली आणि त्या लॉनवर काहीतरी पांढुरकं दिसायला लागलं. ओलं असताना चिकट, मधे मधे पेजेतल्यासारख्या गुठळ्या; वाळलं की पापुद्रा. वर मुंग्यांची रांग, खालचं गवत पिवळं. धुऊन काढलं तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

शालूबाईंनी कुंपणावरून एक नजर टाकली. "करणी व्हय हे. कोणीतरी मंतरून टाकून राह्यलं." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

माझं डोकं फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे एक. दुसरं म्हणजे हे घर श्रावणजींचं. माझे सासरे ग्रामसेवक होते, आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा नुसत्या भिंतीवर लावून ठेवणारा तो माणूस नव्हता. चौकात कोणी उतारा ठेवला की हे सगळ्यांदेखत त्यातला नारळ फोडून खायचे, लिंबाचं सरबत करून प्यायचे आणि विचारायचे, "पाहा, मेलो का मी?" गावातली अर्धी भीती त्यांनी अशी खाऊन संपवली होती.

आता त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. पोटात एक नळी बसवली होती. तिच्यातून औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी तेच पाणी बाहेर काढून फेकायचं, असं रोज चार वेळा. बाहेर येणारं पाणी निवळ हवं. गढूळ आलं तर पोटात जंतू शिरले समजायचं आणि त्याच पावली दवाखाना गाठायचा, नाहीतर माणूस हातचा जातो. एकदा तसं झालं होतं, तेव्हा महिनाभर नागपूरला पडून होते. पुन्हा झालं तर नळी काढून डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. घरी आल्यापासून ते सगळं स्वतः करायचे, दार लावून. संध्याकाळी मी विचारायचे, "मामाजी, पाणी कसं आलं?"

"निवळ."

मी त्या पांढऱ्याच्या मात्र हात धुऊन मागे लागले. कृषी केंद्रवाल्या कैलासनं बुरशी आहे म्हणून पुडी दिली. टाकली, फरक शून्य. ओळखीचे एक कृषी सहायक फोटो पाहून म्हणाले, किडीचा चिकटा आहे. अहो, वर झाडच नाही, तर कीड काय आभाळातून टपकणार? सासरे म्हणायचे, "जाऊ दे ना मेघा, गवतच त व्हय." त्यांचं जेवण कमी झालं होतं, चेहरा उतरला होता. पोट दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाले. मला वाटलं, जन्मभर ज्याच्याशी भांडले ते करणीचं नाव आपल्याच अंगणात निघालं म्हणून खट्टू झालेत. त्याचाही राग मी शालूबाईंवरच काढला.

रविवारी सकाळी मी गल्लीतल्या बायांना बोलावलं. शालूबाई आल्या, मनकर्णाबाई आल्या, आणखी चार-पाचजणी कुंपणाशी उभ्या राहिल्या. मामाजी करायचे तेच मी करणार होते. वाकले, तो ओला चिकटा बोटावर घेतला.

"करणी म्हणता ना? पाहा मंग!"

"मेघा! खाऊ नको!" खिडकीचे गज धरून सासरे ओरडले. "फेक थे! फेक!"

तोवर बोट जिभेला लागलं होतं.

"पाह्यलं?" शालूबाई मागे सरकल्या. "श्रावणजीबी भेले."

चव गोड होती, जराशी खारट. त्या पिशवीतल्या पाण्यात साखर असते. मागे एक पिशवी फुटली होती, तेव्हा फरशीवर असाच चिकटा झाला होता आणि अशाच मुंग्या लागल्या होत्या. काखेत कळसा आणि मी गावभर फिरत होते.

आत धावले. खाटेखाली नुकतीच काढलेली पिशवी होती. अर्धी खिडकीतून लॉनवर रिकामी केलेली, आणि उरलेलं पाणी ताकासारखं.

"मामाजी, मले काऊन नाई सांगितलं?"

"मशीनले बांधून नाई मरायचं मले," ते म्हणाले. "इथं खिडकीपाशी बरा आहे मी." मग त्यांनी माझं बोट हातात धरलं. "पण तू तोंडात काऊन घातलं, पोरी?"

"तुमच्यापासूनच त शिकली."

ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले. किती वेळ, कोण जाणे. मग अश्वजितनं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्याकडे न बघताच उशीर झाल्याचं सांगितलं. आठवडाही निघाला नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी खरं ते सांगितलं. पोटातलं पाणी, साखर, जंतू, खिडकी. सगळं, लाज न धरता. शाळेतल्या पोरांना समजावते तसं समजावलं. बाया माना डोलवत होत्या. शालूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हो व माय, खरं व्हय तुहं. पण जो माणूस जिंदगीभर नाई भेला, थो त्या दिवशी काऊन ओरडला?"

"मी सांगितलं ना आत्ताच, शालूबाई!"

"हो व माय, हो," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर लिंबू-मिरची लटकली होती. आमचंच फाटक तेवढं रिकामं होतं.

मामाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या सकाळी अश्वजितनं फावडं घेतलं आणि लॉन खणायला सुरुवात केली. मला वाटलं, त्याला ते गवत बघवत नसेल. मलाही बघवत नव्हतं. बरं झालं म्हटलं, जाऊ दे एकदाचं.

दुपारी चहा घेऊन गेले तेव्हा खड्डा गुडघ्याएवढा झाला होता. अश्वजित आत उकिडवा बसून एकेक ढेकूळ हातानं फोडत होता, माती बोटांतून गाळत होता.

"अहो, काय शोधून राह्यले?"

"काई नाई."

मी हलले नाही. त्यानं वर पाहिलं नाही.

"शालूबाई म्हणे, खाली गाडलेलं असन."

श्रावणजींचा एकुलता मुलगा तो. जे काही सांगण्यासारखं होतं, ते त्याच्यादेखत सगळ्या गावाला सांगून झालं होतं.