उकळलेला रस

व्यवस्थापक साहेबांना जंतूंचा भारी तिटकारा. दुग्धशाळेत आल्या आल्या त्यांनी दाराशी औषधी पाण्याचं कुंड बांधून घेतलं, भिंतींना पाट्या ठोकल्या आणि दूध वाढावं म्हणून गायींचा दाण्याचा खुराक एकदम दुप्पट केला. त्या दाण्यानेच रुसकी गाय आडवी झाली. रवंथ बंद, चारा बंद.

रुसकीला गोठ्यात कामाला असलेल्या तात्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. घरी तात्यांचं कुणी ऐकत नसे, रुसकी ऐकायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. "पोटातले जंतू मेलेत हिच्या. चारा पचवतात ते जंतूच, ही नुसती चघळते. खिडकीवालीचा रस पाजा," असं म्हणून त्या आठवडाभराच्या दौऱ्यावर निघून गेल्या. खिडकीवाली म्हणजे कुशीला भोक पाडून झाकण बसवलेली धडधाकट गाय. झाकण उघडून तिच्या पोटातला रस काढता येई.

साहेबांनी रस हुंगला आणि नाक दाबलं. "यात जंतू असतील!"

"त्यांच्यासाठीच तर पाजायचाय, साहेब."

"तात्या, मला शिकवू नका. वीस मिनिटं उकळा, गाळा, मगच द्या."

साहेबांचं एक बरं होतं, चुकायचे तेही अगदी वेळेवर. तीन दिवस ते घड्याळ घेऊन स्टोव्हपाशी उभे राहिले. तीन दिवस रुसकी तो मेलेला काढा निमूट प्याली आणि आणखी खंगली. मग साहेबांनी वहीत शेरा मारला: उपचार निष्फळ, उद्या सकाळी कत्तलखान्याची गाडी बोलवावी.

दुपारी साहेब जेवायला गेले. तात्यांनी खिडकीवालीचं झाकण उघडलं. रस गार पडला की जंतू दगावतात, म्हणून बादली कामाची नव्हती. ऊब धरणारी वस्तू गोठ्यात एकच होती, साहेबांचा चहाचा थर्मास. तात्यांनी तो रसाने काठोकाठ भरला, रुसकीला नळीने पाजला आणि थर्मास तीनदा धुऊन जागेवर ठेवला.

सकाळी गाडी आली तेव्हा रुसकी डोळे मिटून रवंथ करत होती. तात्यांना रडूच आलं. गाडी रिकामी परतली.

थर्मास बगलेत मारून साहेब गोठ्यात आले ते हरखूनच. "बघितलंत? उकळण्याचा गुण आलाच!" त्यांनी झाकणात चहा ओतला, मोठा घोट घेतला आणि हुकूम सोडला, "आता मुळावरच घाव. खिडकीवालीचं पोट आतून जंतुनाशकाने धुऊन काढा. आजच!"

तात्या गप्पच बसणार होते. निवृत्तीला तीनच वर्षं उरली होती. पण खिडकीवाली चघळता चघळता त्यांच्याकडेच बघत होती.

"साहेब, रुसकीला काल कच्चा रस पाजला मी. न उकळता."

साहेबांचा दुसरा घोट तोंडातच राहिला. कसाबसा गिळून त्यांनी विचारलं, "कच्चा? कशातून?"

तात्यांनी त्यांच्या बगलेकडे पाहिलं.

"धुतला होता, साहेब. तीनदा," ते म्हणाले. "उकळला मात्र नव्हता."