मंडपाची गल्ली

मयूर विहारातल्या कृष्णाकाठ सोसायटीला दोन तोंडं होती. एक पुढचं, रंगवलेलं, पाटी लावलेलं, मिश्यांना पीळ देणारा चौकीदार बसवलेलं. दुसरं मागचं, म्हणजे नुसती गल्ली. कडेला दोन कडुनिंब, भिंतीवर वाळत टाकलेल्या गोधड्या, उन्हात पसरलेली कुत्री. पुढच्या तोंडानं पाहुणे यायचे. मागच्या गल्लीनं गॅसची सिलिंडरं यायची, भंगारवाला यायचा, आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी प्रभाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरी मारुती व्हॅन येऊन उभी राहायची.

त्या व्हॅनवर दत्तात्रयांचा श्वास टांगलेला होता. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. यमुनेपलीकडच्या इस्पितळात यंत्राला जोडून रक्त धुऊन आणलं, की पुढच्या खेपेपर्यंतचं आयुष्य पदरात पडायचं. पाय सुजून खांबासारखे झालेले, चार पावलं टाकली की धाप. म्हणून तर तिसऱ्या मजल्यावरचं उजेडाचं घर देऊन दोघांनी मागच्या ब्लॉकमधलं तळमजल्याचं अंधारं घर घेतलं होतं. दारातून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून दारात. पुढून गाडी येणं शक्यच नव्हतं. दोन ब्लॉकांमधल्या बोळातून एखादी स्कूटर कशीबशी निघायची, आणि बोळाच्या तोंडाशी पायऱ्या.

प्रभा मूळची कराडकडची. दिल्लीत हयात गेली, तरी आईच्या जात्याची लय अंगातून गेली नव्हती. व्हॅन परतायच्या वेळेला ती मागच्या दारात तांदूळ निवडत बसायची आणि ओठातल्या ओठात जुळवायची:

वाट माझी सखी, वाट माझी गं बहिणी
तिच्या कडेवर आला, माझ्या कुंकवाचा धनी

"कडेवर?" व्हॅनमधून उतरता उतरता दत्तात्रय हसायचे. "अगं, साठी उलटलेला घोडा मी."

"घोडा असता तर स्वतःच्या पायानं नसता का आला? चला, हात द्या."

मग एका उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाचा रिकामा प्लॉट विकला गेला. ते दिवसच तसे होते. नॉएडात रोज नवा सेक्टर उघडत होता, गुडगावात काचेच्या इमारती वर येत होत्या, आणि तिकडे न परवडणारी माणसं जमुनापारच्या, म्हणजे मयूर विहाराकडच्या, एकेका सापटीत घर शोधत होती. बिल्डरनं त्या प्लॉटवर बारा फ्लॅट आखले. छोटंसंच काम. पण त्याच्या नकाशात मागची गल्ली त्याच्या आवारात गेली होती, बारा गाड्या उभ्या करायला. पालिकेच्या कागदावर ती गल्ली ना रस्ता होती ना प्लॉट, नुसती मोकळी जागा. वॉर्ड समितीनं ठरवलं, इंजिनियर जाऊन बघेल. गाड्यांची वहिवाट असेल तर गल्ली सुटेल, नसेल तर बिल्डरला मिळेल.

"वहिनी, बिल्कुल घाबरू नका," सोसायटीचे सेक्रेटरी पद्माकर म्हणाले. त्यांचे वडील सोनं गाळायच्या धंद्यात सांगलीकडून करोल बागेत आले होते. पद्माकरांचा जन्मच दिल्लीचा, त्यामुळे सरकारी माणसाशी बोलायची सगळी भिस्त त्यांच्यावर. "मी त्या इंजिनियरला, त्यागीसाहेबांना भेटलो. भला माणूस आहे. चहासुद्धा घेत नाही. म्हणाले, सोमवारी येऊ का, का पुढच्या आठवड्यात?"

"पुढच्या आठवड्यात गौरी आहेत," प्रभा म्हणाली.

"हो ना, म्हणून सोमवारच सांगतो."

"नको, भाऊजी. गौरीजेवणाच्याच दिवशी बोलवा." तिचे डोळे चमकले. "सगळी सोसायटी खाली असेल. आरतीला उभं करू, पानावर बसवू. आपल्या घरी पुरणपोळी खाल्लेला माणूस आपलं दार कसं बंद करील?"

पद्माकरांनी मांडीवर थाप मारली. "वा! वकील व्हायला हवं होतं तुम्ही."

अंथरुणावरून दत्तात्रय एवढंच म्हणाले, "सोमवारी आला असता तर दारात व्हॅन तरी दिसली असती. या खेपेला मंगळवारऐवजी सोमवारी नेणार आहेत ना मला?"

"व्हॅन काय, सांगून कळेल त्याला," प्रभा म्हणाली. "माणूस ओळखीचा झाला पाहिजे आधी."

आता, सोसायटी उभी राहिली तेव्हापासून गणपतीचा मंडप मागच्या गल्लीतच पडायचा. पुढे बाग होती, तिथे पाणी तुंबायचं. गल्ली लांबट, कोरडी, दोन्हीकडून भिंतींचा आडोसा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कनात ताणली की झाला देवाचा वाडा. तेवढे दिवस व्हॅन मोठ्या रस्त्यावर थांबायची, आणि सोसायटीची चार पोरं दत्तात्रयांना वेताच्या खुर्चीत बसवून बोळातून उचलून न्यायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. देव दारात बसला म्हणजे वाट अडली, असं आपल्यात म्हणतं कोण?

गौरीजेवणाच्या दुपारी त्यागीसाहेब आले. सडसडीत, घामेजलेले, हातात चामडी पिशवी. प्रभानं हिरवी इरकल नेसली होती. मंडपाच्या तोंडाशी तिनंच त्यांना कुंकू लावलं. आरती झाली, टाळ वाजले, त्यागीसाहेबांनीही ओळखीचा शब्द आला की सूर धरला. मग पंगत बसली.

"ये मीठा परांठा बहुत बढ़िया है, माताजी."

"पुरणपोली है, साहब. घी और लीजिए. शरमाइए मत."

"अहो, वाढा की त्यांना," पद्माकरांची बायको कल्पना मागून म्हणाली. "किती बारीक आहेत बिचारे. सरकार उपाशी ठेवतं वाटतं."

हसणं झालं. त्यागीसाहेबांनी हात धुतले आणि मंडपाभोवती एक फेरी मारली. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत बघितलं. कनातीखाली वाकून पलीकडे नजर टाकली. परत आले ते कपाळाला आठी घालून.

"पद्माकरजी, ये पंडाल हर साल यहीं लगता है?"

"हर साल, साहब! शुरू से. एक साल नहीं चूके."

"तो इन दिनों गाड़ियाँ?"

"सब अॅडजस्ट करते हैं. किसी को कोई तकलीफ़ नहीं."

"और वो मरीज़, जिनकी आपने अर्ज़ी में बात की है?"

प्रभा उत्तर द्यायला पुढे झाली, पण कल्पनाच्या तोंडाला आनंदाचं उधाण आलं होतं. "उनको हमारे लड़के उठाके ले जाते हैं, साहब! कुर्सी पे, राजा जैसा! सामने के रास्ते से. हमारे महाराष्ट्र मंडल में ऐसा ही है, कोई अकेला नहीं."

सगळ्यांच्या माना अभिमानानं हलल्या. प्रभाचीही हलली. त्यागीसाहेबांनी पिशवीतून कागद काढला, उभ्याउभ्याच काहीतरी टिपलं आणि वाकून गौरींना नमस्कार केला. जाताना प्रभानं त्यांच्या मुलांसाठी करंज्यांचा डबा दिला, तो त्यांनी घेतला नाही. "ड्यूटी पे हूँ, माताजी. खाना भगवान का था, इसलिए खाया."

"देवमाणूस आहे," पद्माकर म्हणाले.

वॉर्ड समितीची बैठक दिवाळीच्या आधी झाली. लांबट टेबल, वर गरगरणारा पंखा, भिंतीशी लोखंडी खुर्च्या. बिल्डर आला होता, आणि त्याच्याबरोबर एक तरुण जोडपं, फ्लॅट नोंदवलेलं. बाईला दिवस गेले होते, ती सारखी पदरानं वारा घेत होती. त्यागीसाहेबांनी आपला अहवाल वाचला. आवाज वर नाही, खाली नाही. गल्ली पाहिली, वाहन एकही दिसलं नाही. रहिवासी स्वतः दर वर्षी ती पूर्ण बंद करतात. त्या काळात सर्वांची ये-जा पुढून होते. रुग्णालाही पुढूनच नेतात, असं रहिवाशांनीच सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता.

प्रभा उठून उभी राहिली. लुगड्याचा काठ मुठीत गच्च धरलेला. "साहब, वो तो भगवान के लिए था. दस दिन के लिए. बाकी पूरा साल गाड़ी आती है."

टेबलामागच्या सभासदानं चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. "माताजी, भगवान के लिए बंद हो सकती है, तो बारह परिवारों के लिए क्यों नहीं?"

प्रभानं त्यागीसाहेबांकडे बघितलं. ते कागदांच्या कडा जुळवत बसले होते.

निर्णय बिल्डरच्या बाजूनं लागला. एक अट घातली: भिंतीलगत माणसाला चालता येईल एवढी पायवाट मोकळी ठेवावी. बाहेर येताच कल्पना रडायला लागली. "माझ्या जिभेला हाड नाही, प्रभाताई. मारा मला."

"तू खोटं थोडंच बोललीस," प्रभा म्हणाली. "आणि बोलावलं कुणी त्यांना? मीच ना."

होळीपर्यंत भिंत उभी राहिली. अटीतली पायवाट राहिली ती नकाशात. प्रत्यक्षात तिच्यावर आधी विटा आल्या, मग जनरेटर बसला. पद्माकर तक्रार घेऊन गेले, तर त्यागीसाहेबांची बदली झाली होती आणि नव्या माणसाला गल्ली म्हणजे काय ते समजावण्यातच दुपार गेली. व्हॅन आता मोठ्या रस्त्यावर उभी राहायला लागली, आणि पोरं खुर्ची उचलायला लागली.

सुरुवातीला आठही हात यायचे. "चला दत्ताकाका, विमान तयार आहे!" पायऱ्यांशी एकजण ओरडायचा, "आस्ते, आस्ते, ब्रेक मार यार!" दत्तात्रयही हसून साथ द्यायचे. पण सणातलं उचलणं वेगळं आणि बारमाही उचलणं वेगळं. एकाला नॉएडाच्या कंपनीत रात्रपाळी लागली, तो सकाळी मेल्यासारखा झोपायचा. एकजण पुण्याला गेला. एकाची पाठ धरली. त्याच्या आईनं जिन्यात प्रभाला बघून मान वळवली. प्रभा दारोदार जाऊन बेल वाजवायची, आणि दार उघडायच्या आत आतली कुजबूज तिला ऐकू यायची: "मम्मी, बोल दो मैं घर पे नहीं हूँ."

शेवटी ती बिल्डरच्या कामावरच्या मजुरांकडे गेली. भिंत बांधणारी ती माणसं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सिमेंटच्या हातांनी ते दत्तात्रयांना उचलायचे, बोळातल्या स्कूटरींवरून खुर्ची तिरकी करून काढायचे. एकदा खुर्ची कलंडली, आणि दत्तात्रयांचं डोकं भिंतीला लागलं. खिडक्यांमधून माणसं बघत होती. व्हॅनमध्ये बसल्यावर दत्तात्रयांनी रुमालानं डोळे झाकून घेतले, आणि इस्पितळ येईपर्यंत रुमाल काढला नाही.

मग इमारत पुरी झाली आणि मजूरही गेले. एखाद्या शुक्रवारी चार माणसं मिळायची, मंगळवारी मिळायची नाहीत. चुकलेल्या दिवसानंतर दत्तात्रयांचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा फुगायचा, बोलताना शब्द घरंगळायचे. इस्पितळातला डॉक्टर प्रभावर चिडायचा. "ऐसे कैसे चलेगा? आप लोग पढ़े-लिखे हैं." ती ऐकून घ्यायची. मधलं काय काय सांगणार?

पावसाळा सरता सरता एका मंगळवारी व्हॅनचा हॉर्न लांबून वाजला. प्रभा तीन दारं वाजवून आली होती. पद्माकर एकटे आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. "मी आणि चौकीदार धरतो, वहिनी. पाहू."

"थांब, पद्माकर," दत्तात्रय खुर्चीतून म्हणाले. प्रभानं नुकतेच त्यांच्या सुजल्या पायांत मोठ्या मापाचे बूट घातले होते. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "प्रभा, हे काढ."

"अहो, गाडी उभी आहे."

"जाऊ दे तिला."

"असं काय करता? आज नाही गेलं तर..."

"मला माहीत आहे आज नाही गेलं तर काय." आवाज शांत होता, बऱ्याच दिवसांनी स्वच्छ. "दर खेपेला तू भिकाऱ्यासारखी दारं वाजवतेस. मला इथे ऐकू येतं गं. बास झालं आता. मला उचलायचं नाही कुणी."

पद्माकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. प्रभा भांडली, हात जोडले, शेवटी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. दत्तात्रय तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. हॉर्न पुन्हा वाजला.

ती उठली. बोळातून, स्कूटरींना अंग चोरत, मोठ्या रस्त्यावर गेली. "आज नहीं जाएँगे, भैया."

"शुक्रवार को आऊँ, आंटी?"

तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि गाडी सुरू केली.

घरी आली तेव्हा पद्माकर गेले होते. दत्तात्रयांचे बूट पायातच होते. ती खाली बसली, नाड्या सोडल्या, एक एक पाय मोकळा केला. कातड्यावर बुटांचे वळ खोल उमटले होते.

"पाणी दे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी वाटीनं मोजून दिलं होतं. ती सवयीनं वाटीकडे वळली.

"वाटी नको. तांब्या दे."

तिनं माठातून तांब्या काठोकाठ भरून आणला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, खालून तिनंही धरला. ते डोळे मिटून प्याले, लहान मुलासारखे, घशात आवाज करत. थोडं हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी लांब श्वास सोडला.

"गार आहे," ते म्हणाले.

"आणखी देऊ?"

"दे."

ती परत माठाकडे गेली.