भीमाबाईंच्या अध्यक्षतेखाली

बॅनर उलगडला आणि विहारातली बोलणी थांबली. प्रमुख वक्त्या : दक्षता नाखवा, कळवा. विषय : खाडीवर हक्क कोणाचा? आणि त्याखाली ठळक अक्षरांत, अध्यक्षा : आयु. भीमाबाई भगवान खैरे.

भीमाबाईंना जाऊन चार महिने झाले होते. छापणाऱ्याने गेल्या वर्षीची फाईल काढून वक्ता, विषय, तारीख बदलली होती. मोहन्यातल्या या व्याख्यानमालेला पहिल्यापासून अध्यक्षा एकच, त्यामुळे ते नाव तपासायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आता त्यांच्या नावाआधी 'कालकथित' लागायचं. बॅनरवर मात्र त्या अजून आयुष्मती होत्या.

सेक्रेटरी रत्नदीप कानकोंडा झाला. "सॉरी काका, वरून कागद चिकटवतो. आणि अध्यक्षीय भाषण या वर्षी कट करूया. मॅडमना परत कळव्याला जायचंय, शीळफाट्याला ट्रॅफिक लागेल."

भीमाबाईंचे पती भगवानराव माइकच्या वायरचा गुंता सोडवत होते. नावावर कागद आला असता तर त्यांनी तो सोसला असता. पण भाषण कट म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

खरं तर भीमाबाई भाषण करायच्याच नाहीत. वक्त्याचं झालं की उभ्या राहायच्या आणि समोरच्या बायांना म्हणायच्या, "ऐकलं ना सगळं? आता उद्या आपण काय करायचं ते बोला." रेशनकार्डांसाठी मोर्चा न्यायचं, संडासाच्या वाटेवर दिवा बसवून घ्यायचं, सगळं त्या शेवटच्या पाव तासात ठरलेलं. माइकच्या मशीनजवळून भगवानराव घड्याळ दाखवायचे. मग बाई माइकमधूनच सांगायच्या, "मशीनवाले, खुणा करू नका. रात्री जेवायला मीच वाढणार आहे." अख्खा विहार हसायचा, आणि भगवानरावही.

"कागद नको," ते रत्नदीपला म्हणाले. "भाषणही होईल."

"पण करणार कोण, काका?"

"बघतो." कोण करणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वंदना झाली. दक्षता चांगली बोलली. वडलांच्या जाळ्यात आता मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं, खाडीचं पाणी काळं पडलंय, आणि तक्रार केली तर पुरावा कोळ्यांनीच आणायचा. टाळ्या पडल्या. रत्नदीप आभाराला उठला, तोवर भगवानरावांनी माइक हातात घेतला होता.

"हॅलो, हॅलो," सवयीने ते म्हणाले. आजवर माइकवर ते एवढंच बोलले होते. बायका हसल्या.

"अध्यक्षा... आज नाहीत. त्या तुम्हाला विचारायच्या. म्हणून मी विचारतो. उद्या आपण काय करायचं?"

बायका पदर सारखे करत खाली बघू लागल्या. भीमा गेली, हे भगवानरावांना स्मशानातही इतकं लागलं नव्हतं. आता हा पाव तासही तिच्यामागून जाणार.

"भावजी," शेजारची लक्ष्मी बसल्या जागेवरून म्हणाली, "असं सगळ्यांना मिळून नाय विचारायचं. भीमा नाव घेऊन उठवायची. नाव घेतल्याशिवाय कोण उठतंय?"

"बरं. मग लक्ष्मीवहिनी, तुम्हीच बोला."

"घ्या! माझ्याच गळ्यात आलं!" हशा पिकला. पण लक्ष्मी उठली. "आपल्या मागच्या नाल्यात टँकर येऊन घाण सोडून जातात. वास आला की आपण खिडक्या लावतो. ते पाणी जातं कुठं? हिच्याच खाडीत ना?"

भगवानरावांनी मान वर केली. "कल्पिता, तुझी खिडकी नाल्यावर आहे. तू सांग."

"टँकरचा नंबर दिसतो काका," कल्पिता म्हणाली. "फोटो काढता येईल. पण एकटीनं काढायला भीती वाटते."

"एकटी कशाला? आम्ही मेलोय का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

दक्षता खुर्चीवरून उतरून सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसली. "मावशी, मला तेच फोटो पाहिजेत. आमचे लोक पण येतील इथं."

रत्नदीपने हळूच घड्याळ दाखवलं. भगवानरावांनी तिकडे पाहिलं नाही. माइक घेऊन ते बायकांमध्ये उतरले आणि आता कुणाचं नाव घ्यावं म्हणून एकेक चेहरा बघू लागले.