दीड डिग्री

बाजारात त्याला सगळे काटेवाले म्हणत. दुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा, आणि धंद्यात माणूस अगदी चोख. तपासणीच्या वजनांना चुकूनसुद्धा बोट लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचा. बोटाच्या घामानंही फरक पडतो म्हणे. पडत असेल बाबा! पण हा काटेकोरपणा दुकानात ठेवून घरी यावं की नाही? ते नाही. घरी आल्यावरही न्यायनिवाडा चालूच. दूध पातळ, घड्याळ मागे, समोरचा वकील थापाड्या. बायको या कानानं ऐकायची आणि त्या कानानं सोडून द्यायची. मनावर घ्यायची ती फक्त आक्का.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि बघता बघता घरातलं निम्मं काम तिच्या अंगावर पडलं. कुणी लादलं नव्हतं हो, तिनंच ओढून घेतलं. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या माणसाला रिकामं बसलं की गादीसुद्धा टोचते.

त्या आठवड्यात घराला रंग काढला होता. कपाटं खोलीच्या मधोमध, भांडी पलंगावर, पायाखाली जुनी वर्तमानपत्रं. आणि नेमकी सोमवारी सकाळी आक्का अंथरुणातून उठेना.

"धाकट्या," ती म्हणाली, "अंगात ताप आहे असं वाटतंय रे."

धाकट्यानं थर्मामीटर आणला. हा थर्मामीटर नवा होता, आणि नवी वस्तू न तपासता वापरली तर तो काटेवाला कसला! आणला त्याच दिवशी, चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला आणि थर्मामीटर स्वतःच्या जिभेखाली धरला. आकडा शंभराच्या वर गेला. आपण तर ठणठणीत आहोत. म्हणजे यंत्रच चढं दाखवतंय, जवळजवळ दीड डिग्री! काटा असता तर खोलून सरळ केला असता. हा एवढासा, खोलणार कुठून? मग त्यानं घरात जाहीर केलं, "याच्यातून दीड डिग्री वजा करायची."

"अहो, बनवणाऱ्याला कळलं नाही आणि तुम्हाला बरं कळलं," बायको म्हणाली होती.

"मला कळतं म्हणून तर घर चालतंय," तो म्हणाला होता. पुढे कोण बोलणार?

तर आक्काचा आकडा आला एकशे एक. त्यानं दीड वजा केले. "काही नाही गं, अंग जरा कोमट आहे," तो म्हणाला, आणि तिथंच थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण शिडीवर रंगारी होते, ऐकायला माणसं मिळाली की याच्या जिभेला हाड राहत नाही. "आमच्या आक्काचा ताप कामाचा पसारा बघून चढतो!"

रंगारी हसले. आक्काही हसली, तोंड भरून नाही, आपलं ओठांनी. मग ती उठली आणि गुडघ्यावर बसून फरशीवरचे रंगाचे थेंब खरवडायला लागली.

मंगळवारी तेच. बुधवारी तिनं स्वतःहून सांगितलंच नाही. बायकोनं तिचा चेहरा बघून थर्मामीटर लावायला लावला, यानं वजाबाकी केली, आणि आक्का म्हणाली, "तू म्हणतोस तर नसेल." गुरुवारी ओल्या भिंतीला हात टेकून ती खालीच बसली. आकडा एकशे तीन. दीड वजा करूनही ताप उरत होता, तेव्हा कुठे साहेबांनी मान्य केलं आणि तिला दवाखान्यात नेलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. डॉक्टरीणबाईंनी आपला थर्मामीटर पुसला आणि विचारलं, "इतक्यात चहा किंवा गरम पाणी घेतलंत का? नाही, लगेच मोजलं की आकडा उगाच वर जातो."

"छे हो, घोटसुद्धा नाही," आक्का म्हणाली.

तिच्या मागे उभ्या असलेल्या काटेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहा! तो कप त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं. चूक होती ती त्याच्या तोंडात.

बाईंच्या थर्मामीटरवरही आकडा आला एकशे तीन. "कधीपासून आहे?"

आक्कानं मान वर केली. "आजच आलाय. सोमवारपासून मोजतोय आम्ही, नव्हता. माझा भाऊ फार नीट मोजतो हो, त्याचा धंदाच आहे."

हे ती कौतुकानं म्हणाली, हो, कौतुकानं! धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"आजचाच असेल तर एवढ्यात रक्त तपासायला नको," बाई म्हणाल्या. "गोळ्या देते, तीन दिवसांनी या."

इथं बोलायचं की नाही माणसानं? दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर किराणावाला बसला होता. वजनात खोट सापडली म्हणून त्याची यानं भर बाजारात अब्रू काढली होती. त्याच्यासमोर स्वतःची खोट सांगायची? काटेवाल्यानं मुकाट्यानं चिठ्ठी घेतली. लाज कबूल करायलाही हिंमत लागते, ती त्याच्याकडे नव्हती.

जिन्यात आक्का कठडा धरून उतरत होती. मध्येच ती पायरीवर बसली आणि ओशाळून म्हणाली, "तू हो पुढे. मी येते सावकाश. उगाच तुझा खोळंबा."

त्याला ते ऐकवेना. तो उलटा फिरला, किराणावाल्यासमोरून आत गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बाई, ताप सोमवारपासून आहे. मीच रोज दीड डिग्री कमी करत होतो. चहा पिऊन स्वतःला लावला आणि थर्मामीटरच खोटा ठरवला. ती सांगत होती. मी तिला रंगाऱ्यांसमोर कामचोर ठरवलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कपाळाला हात तरी लावून बघायचा होतात!"

"नाही लावला," तो म्हणाला.

बाईंनी चिठ्ठी परत घेऊन फाडली. "आणा त्यांना वर. रक्त आत्ताच घेते."

बाकावरचा किराणावाला जमिनीकडे बघत होता. हसला असता तर परवडलं असतं.

आक्का पायरीवर तशीच बसलेली होती. आतलं सगळं तिला ऐकू आलं होतं.

"आक्का, चुकलो मी," तो म्हणाला. "तुला हवं ते बोल मला."

तिनं हळूच विचारलं, "म्हणजे मला खरंच ताप होता?"

"होता."

"सोमवारीसुद्धा?"

"हो गं, सोमवारीसुद्धा."

तिनं तोंडावर हात घेतला आणि ती रडायलाच लागली. "बरं झालं रे बाबा! मला वाटलं, मीच आळशी झालेय. तुझ्या घरचं खाऊन पडून राहावंसं वाटतंय म्हणून रोज स्वतःला शिव्या घालत होते."