कोच सरांचा पैलवान

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, पण उंची माणसाएवढी आहे. हिरव्या ताडपत्रीची कातडी आणि आत ठासून भरलेली रुई, असा मी एक जुना डमी आहे. डमी म्हणजे ज्याला धडका मारून खेळाडू सराव करतात, तो. सध्या माझा मुक्काम वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत, एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी असतो.

माझा जन्म वर्ध्यातल्या एका गादीच्या दुकानात झाला. तिथे मंदाबाई गाद्या शिवायच्या. एके दिवशी शाळेतले खेळाचे शिक्षक अश्वजित सर ताडपत्री घेऊन आले आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माप दाखवलं.

"एवढी लंबी उशी? झोपाले तं नाई दिसत," मंदाबाई म्हणाल्या.

"धडक माराले पायजे, बाई. फाटाले नाई पायजे."

मंदाबाईंनी दुहेरी टाके घातले, काठीने ठोकून ठोकून रुई भरली आणि माझ्या पाठीवर थाप दिली. "घ्या तुमचा पैलवान," त्या म्हणाल्या. तेच माझं नाव पडलं.

सरांना अमेरिकन फुटबॉलचं वेड होतं. त्यातला चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला पाडायचं. पुढे या खेळाचे व्यावसायिक संघ निघाले आणि सरांना हैदराबादहून सहायक कोच म्हणून बोलावणं आलं. त्यांनी शाळा सोडली. त्यांची लेक मयुरी तेव्हा पाच वर्षांची होती.

"एका सालची तं गोष्ट हाये," असं ते बायकोला, उज्वलाताईंना, म्हणाले होते. ती एका सालची गोष्ट अकरा वर्षं चालली.

संघ हरला की आधी कोच बदलतात, हे मला तेव्हा समजलं. हैदराबाद सुटलं, चेन्नई आली. चेन्नई सुटली, कोची आली. दर वेळी मला दोरीने बांधून रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकायचे. खोली मात्र सगळीकडे सारखीच मिळायची. एक खाट, एक खिडकी, दोरीवर वाळणारा टॉवेल आणि कोपऱ्यात मी.

संध्याकाळी सर घरी फोन लावायचे. सुरुवातीला मयुरी कोणता दात पडला, कोणती मैत्रीण रुसली, सगळं सांगायची. काही वर्षांनी ती म्हणू लागली, "बाबा, अभ्यास आहे." मग, "आईला देते." फोन ठेवल्यावर सर माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवायचे आणि उद्याचा डाव मलाच समजावून सांगायचे. कधी कधी बोलता बोलता थांबायचे आणि माझ्या खांद्याला कपाळ टेकून नुसते उभे राहायचे. मित्रांनो, मी हजारो धडका झेलल्या, पण तो भार मला सगळ्यात जड वाटायचा.

शेवटी पुण्याच्या संघाने त्यांना मुख्य कोच केलं. ते माझे वैभवाचे दिवस. संघ जिंकत गेला. सामन्याला निघताना खेळाडू मला हात लावून जायचे. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. सरांचा हात माझ्या गळ्यात होता, नाव अर्थात एकट्या सरांचंच होतं.

त्या संघात धनंजय नावाचा खेळाडू होता. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. तो चेंडू घेऊन निघाला की कोणाच्या हाती लागत नसे. आपल्याकडची बोली बोलणारा संघात तो एकच, म्हणून सरांचा त्याच्यावर विशेष जीव होता.

उपांत्य सामन्यात धनंजयच्या डोक्याला जबर मार बसला. तो उठला आणि भलत्याच दिशेला चालू लागला. सरांनी त्याला धरून विचारलं, "कुठी चालला?"

"बाजारात, सर. आज आष्टीचा बाजार हाये ना."

थोड्या वेळाने तो पुन्हा नीट बोलू लागला. संघाच्या डॉक्टरने 'ठीक आहे' असा शेरा दिला. पाच दिवसांनी अंतिम सामना होता.

सामन्याच्या आदल्या सकाळी धनंजय माझ्या अंगावर धावून आला. ती धडक मला नीट आठवते, कारण ती धडक नव्हतीच. तो येऊन मला बिलगला आणि त्याने दोन्ही मुठींत माझी ताडपत्री घट्ट पकडली. त्याच्याभोवती मैदान फिरत होतं. मला सोडलं असतं तर तो पडला असता. बाकीचे हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. सर मात्र हसले नाहीत. ते जवळ आले आणि त्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिले.

अंतिम सामन्यात त्यांनी धनंजयला बाहेर बसवलं. त्याला खेळवा, असं संघाच्या मालकांनी आधी सांगून पाहिलं, मग दम दिला. सरांनी कोणालाही कारण सांगितलं नाही. आमचा संघ थोडक्यात हरला.

"सर, तुमी माही जिंदगी खाल्ली," धनंजय सगळ्यांदेखत म्हणाला. सरांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी जायला सांगितलं गेलं.

सिंदी मेघेत आल्यावर मला गच्चीवर ठेवलं. सर खाली घरात राहू लागले, पण मला वाटतं, तेही गच्चीवरच असल्यासारखे होते. घरातल्या दोघींची उठण्याची, जेवण्याची, गप्पांची वेळ त्यांच्याशिवाय बसून गेली होती. सोळा वर्षांची मयुरी बापाशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. उज्वलाताई एकदा कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "रागानं नाई म्हणून राह्यली मी. पण आमाले सवय झाली तुमच्याबिना." पुन्हा कुठल्याही संघाचा फोन आला नाही. उन्हाने माझी कातडी तडकली. उंदरांनी पोटाला भोक पाडलं, आणि साळुंक्या माझी रुई ओढून नेऊ लागल्या.

दोन वर्षांनी एका सकाळी मयुरी मोबाइल घेऊन वर आली. सर टाकी साफ करत होते.

"इथं लोक तुमच्याबद्दल काय काय लिहितात, बाबा. शिव्या देतात. धनंजयले बाहेर काऊन बसवलं तुमी?"

मग त्यांनी ती मूठ सांगितली. ती पांढरी बोटं सांगितली. आष्टीचा बाजार सांगितला.

"मंग हे तेव्हाच सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं त्याले कोन्याच संघानं घेतलं नसतं. पोरगं मेहनतीनं वर आलं होतं."

"आता तो कुठी हाये?"

"चेन्नईले. खेळून राह्यला."

मयुरी एकदम गंभीर झाली. "म्हणजे अजून डोक्यावर मार खाऊन राह्यला तो. आणि काय झालं होतं ते फक्त तुमालेच माहीत हाये."

सरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. आपण धनंजयला वाचवलं, असं ते दोन वर्षं स्वतःला सांगत आले होते. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी फोन लावला. धनंजयने उचलला नाही. सर रोज लावत राहिले, आणि रोज मयुरी शेजारी येऊन उभी राहायची. आठव्या दिवशी त्याने उचलला.

"जास्त नाई बोलत," सर म्हणाले. "एकदा डोक्याच्या डॉक्टरले दाखव. बस एवढंच कर. मंग मले काय म्हणाचं ते म्हण."

तिकडून फोन बंद झाला. महिनाभर काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सर, डॉक्टरनं खेळ बंद केला माहा. कायमचा. अजून एक मार बसला असता तं..." तो थांबला. "त्या दिवशी तुमाले दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," सर म्हणाले.

त्यानंतर दोघांपैकी कोणीच बोललं नाही, पण फोनही कोणी ठेवला नाही. मयुरी हळूच खाली गेली आणि बापासाठी खुर्ची घेऊन आली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर धनंजय मला बिलगला त्याच सकाळी मी ओरडून सांगितलं असतं. तुम्हाला तोंड आहे. कोणी स्वतः पडू नये म्हणून कशाला तरी घट्ट धरून उभा दिसला, तर हसू नका आणि गप्पही बसू नका. जवळ जाऊन विचारा. आणि कधी या गच्चीवर आलात, तर मला जरा टाकीच्या सावलीत सरकवा. दुपारचं ऊन आता सोसत नाही.