डोल्यान खारी

कॉलेजचं पत्र मोबाइलवर आलं तेव्हा विनिता मानकोलीच्या गोदामात आवक माल नोंदवत होती. 'साहित्यसिद्धांत आणि काव्यशास्त्र' या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी तिने दिलेला प्रबंध एका छापील लेखातून उचललेला आहे, सोमवारी समितीसमोर खुलासा करावा, असं त्यात होतं.

लेख तिच्याच मार्गदर्शक सरांचा निघाला. तो वाचताना तिला ओळ न् ओळ ओळखीची लागली. आगरी लग्नात धवलारीण जी गाणी गाते, त्या धवल्यांवर विनिताने लिहिलेला पहिला खर्डा होता तो. सरांनी हाताने लिहून मागितला होता म्हणून तिने वहीच दिली होती. झेरॉक्सही काढली नव्हती.

सरांनी फोन उचलला नाही. दहा वेळा लावूनही नाही.

"सोरून दे," नवरा हितेश म्हणाला. "कागद त्यो. गोदामात कोन इचारतं?"

"चोर म्हनतान मला," ती ओरडली. "माझीच वही चोरली मी?"

दोन वर्षं आठवडाभर ड्युटी करून ती दर रविवारी भिवंडीत वर्गाला जात होती. रस, ध्वनी, वक्रोक्ती हे शब्द तिने कंटेनर मोजता मोजता पाठ केले होते. शनिवारी तिने कपाटं उपसली, जुने मेसेज चाळले. हाती काहीच लागलं नाही.

आता फक्त मोबाइलवर रेकॉर्ड केलेला गुणाबाईचा आवाज राहिला होता. गुणाबाई तिची आत्या, अंजूरची धवलारीण. शिमग्याच्या आधी ती गेली, आणि तेव्हापासून ती रेकॉर्डिंगं उघडायचा विनिताला धीर झाला नव्हता. रविवारी दुपारी दार लावून ती ऐकत बसली. चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये तिला स्वतःचाच आवाज सापडला.

सोमवारी समितीत तिघं होती. सर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पुरावा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

विनिताने मोबाइल टेबलावर ठेवला. त्यातून तिचा आवाज आला. ती आत्याला आपलं लिखाण वाचून दाखवत होती: "'नवरी चालली पल्यार, तिच्या डोल्यान खारी.' इथे खारी म्हणजे खारट आसवं. त्यातून करुण रस..."

मग आत्याचं खळखळून हसणं आलं. "आगं येरे, खारी म्हंजे आपली खारी! अंजूरची! जिच्या पल्यार पोर चालली, ती तिच्या डोल्यान भरून रायली. शिकून शिकून आपली भाषा इसरलीस गो?"

विनिताचे कान तापले. खारी म्हणजे खाडी. खाडीकाठी जन्मून तिला तो शब्द कळला नव्हता, आणि ते सगळ्यांसमोर ऐकवावं लागलं होतं. त्याहून आत्याचं ते हसणं तिला सोसेना.

"दुसऱ्या दिवशीच वही सरांना द्यायची होती, म्हणून मी हे दुसऱ्या खर्ड्यात, तुमच्याकडच्या प्रबंधात, सुधारलं," ती कशीबशी म्हणाली. "सरांच्या लेखात माझी चूक तशीच आहे. रेकॉर्डिंग लेखाच्या सात महिने आधीचं आहे. तारीख बघा."

"ती मांडणी मीच वर्गात सांगितली होती," सर म्हणाले. "हिने उतरवून घेतली."

"सर, त्या ओळी तुम्ही कुठे ऐकल्या होत्या? अंजूरला कधी आलात?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

तिला बाहेर बसवलं. तासाभराने अध्यक्षबाई एकट्याच आल्या. आवाज मऊ होता. "तुमच्यावर ठपका ठेवत नाही. नवा विषय घ्या, दोन महिन्यांत द्या, प्रमाणपत्र मिळेल. फक्त लेखाबद्दल तक्रार नाही, एवढं लिहून द्या."

"आणि धवले?"

"ते आता छापून झालंय ना, विनिता."

त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. तिला प्रमाणपत्र हवं होतं, इतकं की हात आपोआप पेनाकडे गेला. तिने नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग खाली लिहिलं: 'लेख माझा आहे. गाणी गुणाबाईची आहेत. माझी तक्रार आहे.'

अध्यक्षबाईंनी वाचलं. "मग यंदा निकाल राखून ठेवावा लागेल. चौकशीला किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही."

"बरं," विनिता म्हणाली.

जिन्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. वरून उतरणारी मुलं कडेकडेने निघून गेली. दुपारी दोनची शिफ्ट होती.